घटनेची वार्ता आणि जोडणीची जबाबदारी

(उज्जैन येथे अभ्यासदौऱ्यावर आलेले नाशिक जिल्ह्यातील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)

क्षिप्रेच्या काठी वसलेल्या या प्राचीन नगरीत आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो वरकरणी केवळ संगणकतज्ज्ञांचा वाटेल. एखादी घटना घडताच तिची नोंद एका अखंड प्रवाहात यावी आणि तेथून ती ज्यांना हवी त्यांच्यापर्यंत पोहोचावी, यासाठी जी यंत्रणा उभारतात तिला घटना-प्रवाहाची यंत्रणा म्हणतात. हा प्रवाह बाहेरच्या यंत्रणांशी कसा जोडला जातो आणि त्या जोडणीत गावाचा, शाळेचा व कचेरीचा वाटा कोणता, एवढेच मला सांगावयाचे आहे.

हा प्रश्न माणसांच्या जिवाशी निगडित आहे. ५ मे २०१६ रोजी, सिंहस्थ मेळा चालू असताना, याच नगरीत वादळी पाऊस झाला, मंडप कोसळले आणि काही भाविकांना प्राणास मुकावे लागले. त्यापूर्वी २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात चेंगराचेंगरी होऊन अनेकांचे प्राण गेले. अशा वेळी एकेका मिनिटाला मोल असते. वादळाची चिन्हे हवामान खात्याला दिसतात, नदीची पातळी पाटबंधारे खात्याला कळते, घाटावरची गर्दी पोलिसांना दिसते, येणाऱ्या गाड्या रेल्वेला ठाऊक असतात. प्रत्येकाजवळ सत्याचा एक तुकडा असतो. परंतु हे तुकडे वेळेवर एकत्र आले नाहीत, तर त्यांचा उपयोग चौकशीच्या अहवालापुरताच उरतो.

मग प्रत्येक खात्याने प्रत्येक खात्याशी थेट तार जोडावी काय? माहिती देणारे दहा आणि घेणारे दहा असतील तर शंभर जोडण्या लागतील, आणि एकाने आपली पद्धत बदलली की दहा ठिकाणी दुरुस्ती करावी लागेल. त्याऐवजी मध्यभागी एक सामाईक नोंदवही ठेवली, तर वीस जोडण्यांत काम भागते.

ही नोंदवही आपल्या कचेरीतील आवक नोंदवहीसारखीच असते. आलेला कागद अनुक्रमांक घालून नोंदवावयाचा, मागची नोंद खोडावयाची नाही, नवी नोंद खालीच करावयाची. फरक असा की, ही वही अनेकजण एकाच वेळी वाचतात आणि आपण कुठवर वाचले याची खूण प्रत्येकजण स्वतंत्रपणे ठेवतो. एखाद्याचे यंत्र तासभर बंद पडले, तरी इतरांचा खोळंबा होत नाही. चालू झाल्यावर ते आपल्या खुणेपासून पुढे वाचू लागते. मात्र नोंदी ठरावीक मुदतीपर्यंतच ठेवल्या जातात. त्या मुदतीपलीकडे झोपून राहिलेल्यास मागचे पान मिळत नाही.

लिंक्डइन या अमेरिकन कंपनीत अशा वाढत्या जोडण्यांची अडचण निर्माण झाली, तेव्हा जे क्रेप्स, नेहा नारखेडे आणि जून राव यांनी 'काफ्का' नावाची प्रणाली घडविली. २०११ साली ती सर्वांसाठी खुली करण्यात आली. यांतील नेहा नारखेडे या पुण्यात वाढलेल्या, तेथेच अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेल्या. बाहेरच्या यंत्रणा जोडण्यासाठी 'काफ्का कनेक्ट' हा भाग २०१५ साली तीत आला. त्यात जोडण्या दोन प्रकारच्या असतात. बाहेरून नोंद आणून वहीत घालणारी पहिली, आणि वहीतून नोंद उचलून बाहेर नेणारी दुसरी. प्रणाली कोणतीही वापरली, तरी खरी कसोटी या दोन टोकांवरच लागते.

पहिली कसोटी नमुन्याची. एकाने पातळी मीटरमध्ये लिहिली आणि दुसऱ्याने ती फुटांत समजून घेतली, तर वेगवान यंत्रणा चूकही वेगानेच पसरवील. म्हणून इशाऱ्यासाठी 'कॉमन अलर्टिंग प्रोटोकॉल' हा आंतरराष्ट्रीय नमुना आहे. इशारा कोणी दिला, संकट कोणते, क्षेत्र कोणते, तातडी किती, तीव्रता किती आणि निश्चितता किती, हे त्यात ठरावीक रकान्यांत लिहावे लागते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'सचेत' ही व्यवस्था याच नमुन्यावर चालते; तिची तांत्रिक उभारणी सी-डॉट या शासकीय संस्थेने केली आहे. एकच इशारा लघुसंदेश, दूरचित्रवाणी, आकाशवाणी अशा निरनिराळ्या वाटांनी नेता येतो, तो या समान नमुन्यामुळेच.

दुसरी कसोटी काळाची, आणि तिच्यासाठी उज्जैनइतके योग्य स्थळ नाही. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी याच नगरीतून जाणारी रेषा मध्यरेखा मानली व आपली गणिते तिच्यावर बसविली. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात येथे वेधशाळा बांधली. १९२३ साली माधवराव शिंदे यांनी तिचा जीर्णोद्धार केला. तेथील सूर्यघटिका स्थानिक वेळ दाखविते. १९०६ पासून चालत आलेल्या भारतीय प्रमाणवेळेपेक्षा ती सरासरीने सुमारे २७ मिनिटे मागे असते. दोन्ही वेळा आपापल्या जागी बरोबरच आहेत. पण एक नोंद या घड्याळाची आणि दुसरी त्या घड्याळाची घेतली, तर कोणती घटना आधी घडली हेच उलटे दिसेल. यास्तव प्रत्येक नोंदीवर घटना घडल्याची वेळ एकाच प्रमाणाने लिहिली पाहिजे. नोंद पोहोचल्याची वेळ ही निराळी गोष्ट आहे. तिच्यावरून घटनेचा क्रम लावू नये.

तिसरी कसोटी पुनरुक्तीची. पोच मिळाली नाही की जोडणी तीच नोंद पुन्हा पाठविते. भोंगा दोनदा वाजला तर बिघडत नाही; परंतु नुकसानभरपाई दोनदा जमा झाली तर बिघडते. म्हणून प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक असावा आणि घेणाऱ्याने तो आधी तपासावा. ज्या नोंदी वाचताच येत नाहीत त्यांच्यासाठी वेगळी पेटी ठेवतात. ही पेटी रोज कोणी उघडावयाची हे नावानिशी ठरलेले नसेल, तर तिच्यात एखाद्या गावाचा इशारा धूळ खात पडून राहील.

यासोबत एक मर्यादाही पाळावी लागेल. घाटावर किती माणसे आहेत हे सर्वांना कळावे. कोणती व्यक्ती कोठे आहे हे सर्वांना कळण्याचे कारण नाही. ज्यास जेवढे आवश्यक तेवढेच जोडणीने पुढे न्यावे.

बंधुभगिनींनो, यंत्रांची साखळी जेथे संपते, तेथे माणसाची जोडणी सुरू होते. भ्रमणध्वनीवर आलेला इशारा शेतावर राबणाऱ्या वृद्धास, परप्रांतातून आलेल्या यात्रेकरूस किंवा वाचता न येणाऱ्या मातेस कोण सांगणार? ध्वनिक्षेपक, शाळेची घंटा आणि गावातली दवंडी ही साधने अजून जुनी झालेली नाहीत. ग्रामपंचायतीने इशारा घेणारा एक व त्याच्या गैरहजेरीत दुसरा, अशी दोन माणसे नेमावीत. शिक्षकांनी इशाऱ्याचे शब्द विद्यार्थ्यांना समजावून द्यावेत. अधिकाऱ्यांनी इशारा पाठविल्यावर न थांबता गावाकडून पोच मागवावी. आणि या सर्वांची चाचणी आकाश निरभ्र असताना घ्यावी.

नाशिक-त्र्यंबकेश्वराची मुख्य स्नाने २०२७ साली आणि उज्जैनचा सिंहस्थ २०२८ साली, असा क्रम आहे. दोन्ही क्षेत्री मराठी भाविकांचा ओघ मोठा असतो. त्यांपैकी प्रत्येकजण सुखरूप घरी परतावा, यासाठी आपापल्या गावातील जोडणी आजच तपासून पाहावी, अशी आपणा सर्वांस विनंती करून मी आपली रजा घेतो.