दूध : गोठ्यापासून पेल्यापर्यंत



दूध उकळले की निर्धास्त व्हावे, ही समजूत अर्धीच खरी आहे. उकळल्याने जंतू मरतात. युरिया, डिटर्जंट यांसारखी भेसळीची रसायने दुधातच राहतात. २०१८ च्या राष्ट्रीय दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी अशी घातक भेसळ केवळ १२ नमुन्यांत आढळली. मात्र यकृतास अपायकारक असे अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष ३६८ नमुन्यांत मर्यादेहून अधिक होते. ते कोणी मिसळत नाही. बुरसटलेल्या पेंडीतून, चाऱ्यातून ते दुधात उतरते आणि उकळूनही नष्ट होत नाही. भेसळ करणाऱ्यास शासन व्हावेच. परंतु पशुपालकास पेंड साठवण्यासाठी कोरडे कोठार मिळणेही तितकेच आवश्यक आहे. बालकाच्या पेल्यातील दुधाची राखण तेथूनच सुरू होते.