विजेला वाट द्या
(लोणी काळभोर येथील व्याख्यान)



आपल्या भाषेत एक गंमत आहे. आभाळात कडाडते तीही वीज, आणि तारेतून येऊन मोटर फिरवते तीही वीज. नाव एकच. आणि ते बरोबरच आहे. दोघींची जात एकच. फरक आहे तो जोराचा. तारेतली वीज माणसाने दाव्याला बांधली आहे. आभाळातली मोकाट आहे. ही मोकाट वीज आपल्या तारांत शिरली म्हणजे काय होते, आणि त्यावर उपाय काय, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

वळवाचे दिवस येतात. संध्याकाळी आभाळ भरून येते. तासभर गडगडाट, चार थेंब, थोड्या गारा. आणि सकाळी कानावर येते, "अरे, डीपी जळाली!"

डीपी जळाली म्हणजे काय काय झाले? विहिरीवरच्या मोटरी बंद. ऊस उभा वाळतो. नळाला पाणी नाही. पिठाची गिरणी बंद. एका डीपीवर किती घरांचे पोट असते, ते तुम्हीच मोजून पाहा.

ही डीपी आहे तरी काय? दोन खांबांवर बसवलेली तेलाची मोठी पेटी. तिचे खरे नाव ट्रान्सफॉर्मर, म्हणजे रोहित्र. बाहेरून येणाऱ्या तारांत 11 हजार व्होल्टचा दाब असतो. काही भागांत 22 हजारांचा. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब. उंच टाकीतले पाणी नळाला जोराने येते, बुटक्या टाकीतले हळू येते. तसेच हे. एवढा दाब घरात चालत नाही. रोहित्र तो उतरवते. मोटरीला सुमारे 400 व्होल्ट देते, आणि घराला 230.

पेटीच्या आत तारांची वेटोळी असतात. वेटोळ्यांवर कागद गुंडाळलेला असतो, आणि सगळे तेलात बुडवलेले असते. कागद आणि तेल मिळून विजेला आडवतात. 11 हजारांची पेटी 75 ते 95 हजार व्होल्टचा क्षणभराचा धक्का सोसेल, अशा बेताने बनवतात. पण तारेवर किंवा तारेजवळ वीज पडली, तर दाब लाखांत जातो. मग कागदाला सुईएवढे भोक पडते. त्या भोकातून तारेतलीच वीज वाहू लागते, आणि पेटी आतून जळते. म्हणजे वाट पाडते आभाळातली वीज, आणि घर जाळते आपली वीज!

अचानक येणाऱ्या अशा दाबाला आपण लोट म्हणू. लोट म्हणजे काय, ते मुळा-मुठेच्या काठच्या माणसांना सांगायला नको. 12 जुलै 1961 ला पानशेतचे धरण फुटले. त्या पाण्याचा लोट खाली आला, आणि इतकी वर्षे उभे असलेले खडकवासल्याचे धरणही त्यापुढे टिकले नाही. पुण्यात हाहाकार झाला. रोजचे पाणी त्या धरणाने सहज अडवले होते. एकदम आलेला लोट मात्र त्याला पेलला नाही.

म्हणून धरणाला सांडवा लागतो. पाणी बेताबाहेर चढले की सांडव्यावरून निघून जाते, आणि बांध वाचतो. खडकवासल्याचा कालवा आपल्या लोणीवरून पुढे जातो. त्यालाही जादा पाणी सोडून देण्याच्या जागा ठेवलेल्या असतात. पाणी अडवायचे, आणि जादा झाले तर त्याला वाट द्यायची. ही दोन्ही कामे बरोबरीने चालतात.

विजेलाही असाच सांडवा असतो. डीपीवर नीट पाहा, पण लांबूनच. तीन तारा येतात, तिथे तीन दांडे दिसतील. बांगड्या एकीवर एक रचल्यासारखा त्यांचा आकार असतो. काही चिनी मातीचे, काही रबरासारखे. वायरमन त्यांना लायटनिंग अरेस्टर म्हणतात. मराठीत तडितरोधक. त्याचे वरचे टोक तारेला जोडलेले असते, खालचे टोक पट्टीने जमिनीला.

कोणी म्हणेल, "अहो, तार जमिनीला जोडली, तर सगळी वीज जमिनीत जाईल की!" शंका रास्त आहे. जुन्या काळी तिचे उत्तर शिंगांनी दिले होते. बैलाच्या शिंगांसारख्या दोन तारा समोरासमोर ठेवायच्या आणि मध्ये थोडी फट सोडायची. रोजच्या दाबाला ती फट ओलांडता येत नसे. लोट आला की ठिणगी फट ओलांडून जमिनीकडे जाई. मग शिंगांवरून वर वर चढत विझे. पण कधी कधी लोटामागून नेहमीची वीजही त्याच वाटेने निघून जाई.

1970 च्या दशकात जपानमध्ये याहून चांगली युक्ती पुढे आली. वैद्य औषधात यशद भस्म देतात, ते तुम्हाला माहीत असेल. यशद म्हणजे जस्त. त्याच जातीच्या जस्ताच्या पुडीत दुसऱ्या थोड्या वस्तू मिसळतात, भाजतात आणि चकत्या करतात. या चकत्यांचा गुण मोठा नवलाचा आहे. रोजचा दाब असला तर त्या वीज जाऊ देत नाहीत. दाब फार चढला तर वाट मोकळी करतात. लोट गेला की पुन्हा वाट बंद! 11 हजारांच्या तारेवर त्या लाखांचा दाब सुमारे 30 हजारांवर आणून ठेवतात. तेवढा रोहित्राला सोसवतो.

"पण फ्यूज असतो ना?" असेही कोणी विचारील. फ्यूज तापतो, वितळतो, मग तुटतो. त्याला वेळ लागतो. एका सेकंदाचे दहा लाख भाग करा. त्यातल्या शे-पन्नास भागांत विजेचा लोट येऊन जातो. फ्यूज उठून दार लावीपर्यंत चोर पसार! आणि जोर म्हणाल, तर पाच हॉर्सपॉवरची मोटर सुमारे 7 अँपिअर वीज घेते. आभाळातल्या विजेत तीस-तीस हजार अँपिअर असतात.

आता मुद्द्याचे ऐका. सांडवा बांधला, पण खाली पाणी जायला ओढाच नसला, तर काय उपयोग? अरेस्टरचा ओढा म्हणजे ती पट्टी आणि तिच्या टोकाचे अर्थिंग. खड्ड्यात लोखंडी नळ पुरतात, भोवती कोळसा आणि मीठ भरतात. माती ओली असली तर वीज लवकर मुरते. कोरडी असली तर मुरत नाही. आता कॅलेंडर पाहा. पहिल्या विजा कधी पडतात? चैत्र-वैशाखात. आणि जमीन सर्वांत कोरडी कधी असते? तेव्हाच. म्हणून वळवाच्या आधी अर्थिंग तपासणे महत्त्वाचे.

त्याहून वाईट गोष्ट म्हणजे पट्टीच नसणे. कुठे ती गंजून तुटते. कुठे कोणी रात्री कापून भंगारात विकतो. विकणाऱ्याला चार पैसे मिळतात, आणि पुढच्या वळवात सगळ्या शिवाराचा ऊस वाळतो. त्यात त्याचा भाऊबंदही असतो. वरून तीन अरेस्टर दिमाखात उभे, आणि खाली वाट तुटलेली! अशा डीपीला अरेस्टर असून नसल्यासारखा. शिवाय पट्टी नसली तर कधी पेटीच्या अंगावर वीज येते, आणि जवळ गेलेले माणूस दगावते.

मग आपण काय करायचे?

डीपीवर चढायचे नाही, आणि तिच्या कशालाही हात लावायचा नाही. आपण फक्त नजर ठेवायची. तिन्ही अरेस्टर आहेत का? एखादा फुटलेला किंवा काळा पडलेला आहे का? त्याच्या खालची तार लोंबते आहे का? पट्टी वरपासून जमिनीपर्यंत सलग आहे का? खड्डा कोरडा ठक्क आहे का? काही वावगे दिसले तर महावितरणच्या वायरमनला सांगा. म्हातारी माणसे त्याला अजून बोर्डाचा माणूस म्हणतात, तोच. 1912 या क्रमांकावरही तक्रार देता येते. तक्रारीचा क्रमांक घ्या आणि वहीत लिहून ठेवा. आता लिहिता येते, त्याचा हा उपयोग!

डीपीजवळ किंवा खांबाच्या ताणाच्या तारेला गुरे बांधू नका. लोट जमिनीत उतरतो, तेव्हा तिथली जमीनच क्षणभर विजेने भरते. गुराचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात. एका पायातून वीज चढते, दुसऱ्यातून उतरते, आणि जनावर जागीच पडते. माणसानेही गडगडाट होताना तिथे थांबू नये.

आभाळ भरून येताच मोटरीचा मेन स्विच बंद करा. घरातल्या टीव्हीची पिन काढून ठेवा. हे कडकडाट सुरू होण्याआधी करायचे, नंतर नाही. डीपीवरचा अरेस्टर डीपी वाचवतो. घरातल्या वस्तूंची हमी तो देत नाही. आणि थेट डीपीवरच फार मोठी वीज पडली, तर अरेस्टर स्वतः फुटतो. मग तो बदलावा लागतो. फुटलेला अरेस्टर तसाच राहिला, तर दुसऱ्या लोटाला डीपी उघडीच सापडते.

पावसाचा पाट फुटला तर आपण रात्री फावडे घेऊन धावतो. शेजाऱ्याचा बांध असला तरी धावतो. डीपीची पट्टी हाही सगळ्यांचा पाट आहे. आज घरी जाताना आपापल्या डीपीकडे लांबून एकदा नजर टाका. पट्टी जमिनीपर्यंत पोचली आहे का, एवढेच पाहा. नसेल, तर वळीव यायच्या आत चार जण मिळून तक्रार लिहा.