ट्रेलर घरचा, उतार घाटाचा



छोटी जीप लादायला ट्रेलर गावच्या वेल्डरकडून करून घेता येतो. पण महाडहून वरंध घाट, पोलादपूरहून आंबेनळी घाट. तिथं चूक माफ नाही.

हिशोब तुमच्या कापसाच्या बैलगाडीचाच. ओझं मागं गेलं की गाडी उलाळ होते. ट्रेलर उलाळ झाला तर उतारावर हेलकावे खातो, ओढणारी गाडीच फिरवतो. म्हणून जीप आसाच्या थोडी पुढं बांधा. ट्रेलर-जीप मिळून १,५०० किलो भरले, तर हुकावर १५० ते २२५ किलो भार यावा. हुकाखाली दोन साखळ्या फुली करून जोडा. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लावा.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं ट्रेलरचीही नोंदणी लागते, ती करा. समोरून घाट चढणाऱ्या एसटीत आपलीच माणसं असतात.