दहा हजार डॉलरांची साक्ष



एखाद्या श्रीमंत देशाच्या सरकारी हिशेबात दहा हजार डॉलर ही रक्कम किती क्षुल्लक असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. कलांना साहाय्य करण्यासाठी अमेरिकेत १९६५ साली ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स’ ही सरकारी संस्था स्थापन झाली. १९८९ च्या सुमारास तिचे वार्षिक अंदाजपत्रक सुमारे १७ कोटी डॉलरचे होते. म्हणजे दहा हजार हा त्याचा सतरा हजारावा हिस्सा. तरीही त्या वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात ह्याच दहा हजारांवरून वृत्तपत्रांत रणे माजली आणि एका मोठ्या संगीतकाराने राष्ट्रीय सन्मान नाकारला. हे अनुदान न्यूयॉर्कमधील ‘आर्टिस्ट्स स्पेस’ ह्या ना-नफा संस्थेतील एका सामूहिक चित्रप्रदर्शनासाठी मंजूर झाले होते. प्रदर्शनाचे नाव होते ‘विटनेसेस : अगेन्स्ट अवर व्हॅनिशिंग’. साक्षीदार, आपल्या नाहीसे होण्याविरुद्ध उभे राहिलेले साक्षीदार.

रक्कम क्षुल्लक असताना वाद एवढा मोठा का व्हावा? अर्थशास्त्राचा साधा नियम असा की, भांडण जेव्हा रकमेच्या मानाने फार मोठे असते तेव्हा ते रकमेसाठी नसतेच. ते कोणत्या तरी हक्कासाठी असते. येथे प्रश्न होता तो सार्वजनिक पैसा ज्या जनतेचा, त्या जनतेत कोणाची गणना करावयाची, हा.

त्या शहराची तेव्हाची अवस्था आधी ध्यानात घेतली पाहिजे. एड्स ह्या रोगाची पहिली वैद्यकीय नोंद जून १९८१ मध्ये झाली. अध्यक्ष रेगन ह्यांनी त्यावर पहिले मोठे भाषण केले ते मे १९८७ मध्ये. १९८९ च्या उन्हाळ्यापर्यंत अमेरिकेत नोंदलेल्या रुग्णांची संख्या एक लाखावर पोहोचली होती व त्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे मरण पावली होती. ‘एझेडटी’ हे पहिले औषध १९८७ मध्ये बाजारात आले, तेव्हा एका रुग्णाच्या वर्षभराच्या औषधाची किंमत सुमारे दहा हजार डॉलर होती. ज्या अनुदानावरून देश ढवळून निघाला ते एका रुग्णाच्या एका वर्षाच्या औषधाएवढे होते! हे औषध स्वस्त झाले तेही आपोआप नव्हे. सप्टेंबर १९८९ मध्ये ‘ॲक्ट अप’ ह्या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात शिरून निदर्शने केली आणि त्यानंतर काही दिवसांतच कंपनीने किंमत वीस टक्क्यांनी उतरविली. बाजाराच्या अदृश्य हातापेक्षा माणसांचे दृश्य हात कित्येकदा अधिक परिणामकारक ठरतात, ह्याचा हा एक दाखलाच होय.

अशा काळात नॅन गोल्डिन ह्या छायाचित्रकार स्त्रीने आपल्या वर्तुळातील वीसहून अधिक कलावंतांना एकत्र आणले. त्यांतील बहुतेक परस्परांचे मित्र होते, कोणी प्रियकर होते, कोणी एकमेकांची शुश्रूषा केलेले होते. सर्वच समलिंगी नव्हते. परंतु ज्या समाजाने समलिंगी स्त्री-पुरुषांना घराबाहेर काढले होते, त्या समाजाच्या कडेला ह्या सर्वांनी मिळून एक घर उभारले होते. त्या घरातील माणसे एकामागून एक नाहीशी होत होती. पीटर हुजार हे छायाचित्रकार १९८७ मध्ये गेले. मार्क मॉरिसरो जुलै १९८९ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी गेले. व्हित्तोरियो स्कारपाती ह्यांनी रुग्णशय्येवर पडल्या पडल्या चित्रे रेखाटली. सप्टेंबर १९८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची पत्नी, लेखिका व अभिनेत्री कुकी म्युलर, १० नोव्हेंबरला गेली. प्रदर्शन उघडले १६ नोव्हेंबरला. जिवंत आणि मृत ह्यांच्या कलाकृती एकाच भिंतीवर लागल्या होत्या.

ह्या प्रदर्शनातील जवळीक कोणत्या जातीची होती, हे समजून घेतले पाहिजे. कारण विरोधकांना त्यात केवळ नग्नता दिसली. कलेच्या इतिहासात नग्न देह नवा नाही. येथे नवे होते ते चित्र काढणारा आणि चित्रातला माणूस ह्यांचे नाते. दुरून आलेला वृत्तछायाचित्रकार एड्सच्या रुग्णाचे चित्र घेतो तेव्हा रुग्ण हा एक नमुना असतो : खोल गेलेले डोळे, उघड्या बरगड्या. मित्राने मित्राचे चित्र घेतले की तोच माणूस पुन्हा नावाचा माणूस होतो. ज्या देहाला सारे जग रोगाचे भांडे समजत होते, त्याला कोणीतरी प्रेमाने स्पर्श केला होता, एवढेच ती चित्रे सांगत होती. त्या घडीला हे एवढेसे सांगणे धाडसाचे होते. समलिंगी कलावंतांचे सामूहिक प्रदर्शन त्या शहरात ह्यापूर्वीही झाले होते. १९८२ मध्ये ‘न्यू म्युझियम’ने ते भरविले होते. परंतु सात वर्षांत प्रश्न बदलला होता. ‘आम्ही आहोत’ हे सांगण्यासाठी एक प्रदर्शन भरले. ‘आम्ही होतो’ हे पुसले जाऊ नये म्हणून दुसरे.

वादाची ठिणगी मात्र भिंतीवरील चित्रांतून पडली नाही. ती प्रदर्शनाच्या पुस्तिकेतून पडली. चित्रकार व लेखक डेव्हिड वोयनारोविच ह्यांनी तीत एक जळजळीत लेख लिहिला. सिनेटर जेसी हेल्म्स, न्यूयॉर्कचे कार्डिनल जॉन ओकॉनर आदी सत्ताधीशांवर त्यात नावे घेऊन कठोर हल्ला होता. लेखाची भाषा संयमी नव्हती. स्वतःच्या रक्तात त्याच रोगाचे विष घेऊन जगणाऱ्या माणसाची ती भाषा होती. त्याच ऑक्टोबरमध्ये हेल्म्स ह्यांच्या आग्रहातून एक तरतूद कायद्यात आली होती. जिला कलात्मक वा अन्य गंभीर मूल्य नाही अशा अश्लील कृतीला सरकारी पैसा मिळू नये, असे तिचे म्हणणे होते आणि अश्लीलतेच्या उदाहरणांत समलिंगी कामुकतेचा नामनिर्देश होता. ‘आर्टिस्ट्स स्पेस’चे अनुदान ह्या कायद्यापूर्वीचे. तरीही एन्डाउमेंटचे अध्यक्ष जॉन फ्रॉनमेयर ह्यांनी ते काढून घेतले. कारण दिले ते असे की, प्रदर्शन कलात्मक न राहता राजकीय झाले आहे.

‘राजकीय’ हा शब्द येथे थांबून तपासण्याजोगा आहे. औषधाची किंमत ठरविणे राजकीय नव्हते, सहा वर्षांचे मौन राजकीय नव्हते. मरणाऱ्याने त्याबद्दल बोलणे तेवढे राजकीय ठरले! टीकेचा भडिमार झाला, तेव्हा फ्रॉनमेयर ह्यांनी तो शब्द मागे घेतला. संगीतकार लेनर्ड बर्नस्टाइन ह्यांनी निषेध म्हणून राष्ट्रीय कलापदक नाकारले. अखेर अनुदान परत मिळाले, परंतु एका अटीवर : पैसा प्रदर्शनाला वापरावा, पुस्तिकेला नव्हे. थोडक्यात, दुःख भिंतीवर टांगण्यास हरकत नव्हती. त्या दुःखाचे कारण छापण्यास होती.

विरोधकांचा एक युक्तिवाद मात्र उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणत, कलावंताने हवे ते चितारावे. परंतु जो सामान्य करदाता त्या चित्राने दुखावतो, त्याच्या खिशातून त्यासाठी पैसा का काढावा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागते. पहिला टप्पा असा की, कर ही वर्गणी नव्हे. प्रत्येकाने आपल्या आवडीच्या कामापुरताच कर भरावयाचा ठरविले, तर युद्धविरोधकाने सैन्याचा आणि निपुत्रिकाने शाळेचा खर्च नाकारला पाहिजे. अनुदान देताना गुणवत्तेची पारख अवश्य व्हावी. परंतु ती जाणकारांनी करावी व एकाच मापाने करावी. दुसरा टप्पा अधिक महत्त्वाचा. ज्यांची चित्रे भिंतीवर होती तेही करदातेच होते. त्यांनी भाडी भरली होती, मजुरी केली होती, कर भरला होता. ‘करदाता’ ह्या शब्दातून त्यांना वगळल्याशिवाय तो युक्तिवाद उभाच राहत नव्हता. जनतेच्या नावाने बोलणाराने आधी जनतेतून काही माणसे कमी केली होती.

कोणी म्हणेल, माणसाची जवळीक ही त्याची खासगी बाब. ती चव्हाट्यावर का आणावी? ह्याचे उत्तर त्याच वर्षी, त्याच शहरातील एका खोलीच्या भाड्याने दिले आहे. भाडेनियंत्रणाखालील घरात दोन पुरुष सुमारे दहा वर्षे एकत्र राहिले. घर ज्याच्या नावावर होते तो १९८६ मध्ये वारला आणि मालकाने दुसऱ्याला बाहेर काढावयाचे ठरविले, कारण तो ‘कुटुंबातला’ नव्हता. जुलै १९८९ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्राश्ची खटल्यात निर्णय दिला की, कुटुंब हे कागदावरून ठरत नाही. सहजीवनाच्या वास्तवावरून ठरते. इस्पितळात खाटेशेजारी कोणी बसावे, प्रेत कोणाच्या ताब्यात द्यावे, चार भिंतींवर हक्क कोणाचा, हे प्रश्न ज्यांच्यासाठी कायद्याने आधीच सोडविलेले असतात त्यांनाच जवळीक निव्वळ खासगी वाटू शकते. इतरांना आपले प्रेम पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. ‘विटनेसेस’मधील चित्रे हा असा पुरावा होता.

मराठी माणसाला हा वाद सर्वस्वी परका वाटण्याचे कारण नाही. रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक पदरमोड करून चालविले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ मध्ये मुंबईच्या न्यायालयात त्यांची बाजू मांडावयास उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजेच अश्लीलता नव्हे, ही त्यांच्या बचावाची दिशा होती. खटला हरला, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. अस्पृश्यतेविरुद्ध लढणाऱ्या नेत्याला हे वकीलपत्र घेण्यात कमीपणा वाटला नाही, कारण लाजेचे शस्त्र कोण कोणावर चालवितो हे त्यांना पुरते ठाऊक होते. एखाद्या समूहाला स्वतःचीच लाज वाटावयास लावणे हा त्याला कह्यात ठेवण्याचा सर्वांत स्वस्त उपाय असतो. त्याला शिपाईही लागत नाहीत. म्हणूनच ‘प्राइड’ ह्या शब्दाचा अर्थ गर्व असा करणे चूक आहे. लादलेली लाज परत करणे, एवढाच त्याचा अर्थ.

पुढचा इतिहास सरळ विजयाचा नाही. वोयनारोविच ह्यांच्या चित्रांचे तुकडे कापून एका धार्मिक संघटनेने प्रचारपत्रक काढले. त्यावर त्यांनी दावा लावला आणि १९९० मध्ये तो जिंकला. भरपाई मिळाली एक डॉलर. १९९२ च्या जुलैमध्ये ते एड्सने वारले. उजव्या गटांना सांभाळू पाहणाऱ्या फ्रॉनमेयर ह्यांना त्याच गटांच्या दडपणामुळे त्याच वर्षी पद सोडावे लागले. १९९८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, अनुदान देताना शोभनीयतेचे सर्वसाधारण निकष विचारात घेण्याची तरतूद आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरविली. भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले. प्रेम गुन्हा राहिले नाही. परंतु इस्पितळातील ती खुर्ची आणि घराच्या भाडेपावतीवरील ते नाव ह्यांचा प्रश्न अजून शिल्लकच आहे.

दहा हजार डॉलर केव्हाच खर्ची पडले. कापलेल्या अनुदानाची नोंद जमाखर्चाच्या वहीत सापडते. त्या भिंतींवर माणसांनी एकमेकांची जी नोंद ठेवली होती, तिला कोणत्याही वहीत रकाना नव्हता. असा रकाना उघडणे हे अखेर सरकारचे काम नव्हे; ते समाजाचे काम आहे. समाजाने तो उघडला की सरकारला त्यात आकडा भरावाच लागतो.