पानावरची भुरी आणि वाटीभर दूध

पावसाळा सरतो, कार्तिकातले ऊन कोरडे पडू लागते, रात्री गारठा जाणवू लागतो, आणि आमच्या लोधीखेड्याच्या सांदवाड्यांत एक पाहुणा न बोलावता येऊन बसतो. प्रथम भोपळ्याच्या एखाद्या जुन्या पानावर पिठाची चिमूट पडावी तसा पांढरा ठिपका दिसतो. आठवड्याभरात ते पान आणि त्याच्या शेजारची पाने राख फासल्यासारखी होतात. पुढे ती पिवळी पडतात, करपतात आणि वेल फळे पोसण्याआधीच थकून जातो. हा भुरी रोग. काकडी, भोपळा, वाटाणा, भेंडी, गुलाब, झिनिया, बोर, आंबा आणि नाशिककडील द्राक्षे या सर्वांना तो छळतो.

सौंसर तालुका २०२३ पासून नव्या पांढुर्णा जिल्ह्यात आला. आम्ही येथे मराठी बोलतो आणि हिंदीच्या शेजाराने नांदतो. त्यामुळे या रोगाची दुसरी नावेही आमच्या कानी पडतात. हिंदीत त्याला ‘भभूतिया’ म्हणतात, म्हणजे पानाने अंगाला विभूती फासली! राजस्थानात त्याचे नाव ‘छाछ्या’ आहे. पानांवर जणू कोणी ताक सांडले. ज्या रोगाला ताकाचे नाव मिळाले, त्याच रोगाला दुधाने आवर घालता येतो, हे ऐकून पुष्कळांना गंमत वाटेल. परंतु ही गोष्ट केवळ ऐकीव नाही, आणि तिला मर्यादाही आहेत. त्या दोन्ही बाजू आपणांपुढे ठेवाव्यात, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेऊ. भुरी ही बुरशी आहे. पण इतर बहुतेक बुरशींहून तिची रीत वेगळी. इतर बुरशी पानावर पाणी साचले की रुजतात. भुरीच्या बीजाणूंना रुजण्यासाठी पानावर पाणी असावे लागत नाही. हवेतील ओलावा त्यांना पुरतो. म्हणूनच मुसळधार पावसात ती दबून असते आणि कोरडे दिवस व गार रात्री आल्या की फोफावते. दुसरे असे, की तिचे तंतू पानाच्या पृष्ठभागावरच पसरतात. आत उतरतात ती केवळ तिची शोषक मुळे, आणि तीही बहुधा वरच्या त्वचेच्या पेशींपुरतीच. बोट फिरविले की भुकटी पुसली जाते, ती यामुळेच. रोगाचे अंग असे उघड्यावर असल्याने पानावर पडलेला फवारा त्याला थेट गाठू शकतो.

या रोगाशी माणसाची झुंज जुनी आहे. १८४५ साली इंग्लंडातील मार्गेट येथे द्राक्षवेलींवर भुरी आढळली आणि पुढील काही वर्षांत तिने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त करीत आणले. त्या वेळी गंधकाची भुकटी कामी आली आणि आजही गंधक हेच भुरीवरील स्वस्त व खात्रीचे औषध मानले जाते. मात्र कडक उन्हात गंधकाने कोवळी पाने भाजतात. खरबुजासारखे काही वेल तर त्याला विशेष नाजूक असतात. शिवाय सांदवाडीतली काकडी मुले वेलावरून तोडून तशीच खातात. तेथे कोणतेही औषध मारताना गृहिणीचा हात अडखळतो, आणि तो अडखळावा हेच योग्य.

येथे दुधाचा प्रश्न येतो. १९९९ साली ब्राझीलमधील संशोधक वाग्नर बेट्टिओल यांनी काचगृहातील झुकिनी या भोपळावर्गीय पिकावर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनी गाईचे ताजे दूध पाण्यात निरनिराळ्या प्रमाणांत मिसळून फवारले. दहा टक्के किंवा त्याहून अधिक दुधाचा फवारा आठवड्यातून एकदा दिला असता भुरी तेथील रासायनिक बुरशीनाशकांच्या तोडीने आटोक्यात राहिली. पुढे ऑस्ट्रेलियात ॲडलेड विद्यापीठातील पीटर क्रिस्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्राक्षवेलींवर दूध व निवळी यांची परीक्षा घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना बुरशीचे तंतू दुधाच्या फवाऱ्यानंतर लवकरच कोलमडलेले दिसले. दुधातील काही घटकांपासून सूर्यप्रकाशात अतिशय तीव्र असे प्राणवायूचे क्षणभंगुर कण बनतात आणि ते बुरशीला इजा करतात; तसेच दुधातील लॅक्टोफेरिन हे प्रथिनही तिला बाधक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या ज्ञानातून तीन नियम निघतात. पहिला, फवारा सकाळी, उन्हात द्यावा, तिन्हीसांजेला नव्हे. दुसरा, एक भाग दुधाला नऊ भाग पाणी घ्यावे. अधिक दुधाने अधिक गुण येईल या समजुतीने घट्ट मिश्रण करू नये. तीस टक्क्यांच्या पुढे पानांवर दुधावर वाढणारी दुसरीच बुरशी धरते. ती वेलाला मारत नसली, तरी दिसते वाईट आणि वासही सुटतो. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. दूध हे रोग होऊ नये म्हणून आहे. पान पांढरे झाल्यावर त्याला पूर्ववत करण्यासाठी नव्हे.

हा तिसरा नियम मी चूक करून शिकलो. पहिल्या वर्षी निम्मा वेल पांढरा झाल्यावर, तोही संध्याकाळी, मी फवारा घेऊन उभा राहिलो. काही साधले नाही, आणि मी दोष दुधाला दिला. दुसऱ्या वर्षी वेलाला चार-पाच पाने येताच आरंभ केला, दर आठव्या दिवशी पानांच्या दोन्ही बाजू भिजविल्या, आणि एक वेल मुद्दाम तसाच ठेवला. तो वेल पांढराफटक झाला; फवारलेल्या वेलांवर तुरळक ठिपके आले, ती पाने खुडून टाकली. एका परसातला अनुभव म्हणजे शास्त्र नव्हे, हे मी जाणतो. पण तो शास्त्राला धरून होता.

त्याच दिवसांत शेजारच्या आजीबाई कुंपणापाशी थबकल्या आणि म्हणाल्या, “काहून जी गुरुजी, लेकराच्या तोंडचं दूध पानाले पाजता?” श्रोतेहो, या प्रश्नापुढे मी निरुत्तर झालो. ज्या गावात प्रत्येक घरी लेकराला पुरेसे दूध मिळत नाही, तेथे हा प्रश्न कोणत्याही प्रयोगाहून मोठा आहे. मी घरी जाऊन हिशेब मांडला. एक लिटर फवाऱ्याला शंभर मिलिलिटर दूध लागते आणि तेवढ्यात माझे तीन-चार लहान वेल भिजतात. दोन महिन्यांत आठ फवारण्या, म्हणजे सारे मिळून पाऊण लिटरहून थोडे अधिक दूध. त्याच्या बदल्यात घरात महिनाभर अधिक भाजी आली, तर दुधाचा तो पेला लेकराच्याच ताटात परत येतो. परंतु ज्या घरी तो पेलाही मोलाचा आहे, तेथे तो लेकरालाच द्यावा. ज्यांच्याकडे पनीर करताना निवळी उरते, त्यांनी ती वापरून पाहावी. चीजच्या निवळीने भुरी आवरते, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र ती आंबट असल्याने आधी पाणी घालून दोन-तीन पानांवर परीक्षा करावी.

हाच हिशेब शेताला लावला, की मर्यादा स्पष्ट होते. एकरी दोनशे लिटर फवारा धरला, तर दर खेपेस वीस लिटर दूध लागेल. हे शहाणपणाचे नव्हे. तेथे कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने पाण्यात मिसळणारे गंधक वापरावे. आणखी एक इशारा. आमचा मुलूख संत्र्याचा. भुरीवर दूध चालते म्हणून ते संत्र्याच्या डिंक्यावर किंवा कोळशीवर चालेल, अशी आशा कोणी धरू नये. डिंक्या मुळाखोडाशी मुरतो, कोळशी किडीच्या चिकट स्रावावर वाढते. त्यांचे उपाय निराळे. वेलींवरील केवडाही ओलाव्याचा रोग आहे. त्यालाही दुधाचा भरवसा नाही.

शेवटी कृतीच्या चार गोष्टी. दूध ताजे, तापविण्याआधीचे घ्यावे. साय नको, तिने फवाऱ्याचे तोंड बुजते. मिश्रण फडक्यातून गाळून त्याच दिवशी संपवावे आणि पंप लगेच धुवावा. वेल दाटीने लावू नयेत. वारा आणि ऊन आत शिरू द्यावे. आणि दररोज सकाळी खालची, जुनी पाने उलटून पाहावीत. भुरी बहुधा तेथेच प्रथम दिसते. जो ती पहिल्या ठिपक्यात ओळखतो, त्याला वाटीभर दूध पुरते. जो पान पांढरे होईपर्यंत थांबतो, त्याला घागरभरही पुरत नाही.