अभिजाततेची सनद

एखाद्या ग्रंथास अभिजाततेची सनद विद्वत्सभा देते, की पिढ्यान्‌पिढ्या त्याकडे परतणारा वाचक देतो, या प्रश्नाचा विचार करू लागले की कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूरचे, तेथील भीमा-अमरजा संगमाचे, स्मरण झाल्यावाचून राहत नाही. दत्तावतार मानल्या गेलेल्या नृसिंहसरस्वतींचे तेथील वास्तव्य ज्यात वर्णिले आहे, तो सरस्वती गंगाधरांचा ओवीबद्ध ‘गुरुचरित्र’ हा ग्रंथ मराठी. परंतु त्याचा कर्ता मूळचा कन्नडभाषी असावा असे मानले जाते, आणि मराठीवर आपला अधिकार नाही अशी कबुली त्याने ग्रंथातच दिली आहे. सिद्ध आणि नामधारक यांच्या संवादातून उलगडणाऱ्या या कथेत कुरवपूरचा एक परीट पुढील जन्मी बिदरचा यवन राजा होतो आणि फौजफाट्यासह गुरुदर्शनास येतो; म्हणजे मराठी-कन्नड सरहद्दीचा हा मुलूख, त्याच्या तख्तासकट, या ओव्यांत सामावला आहे.

काव्य म्हणून ज्ञानेश्वरीची उपमासंपदा येथे नाही. आचारधर्माचे अध्याय तर, स्पष्टच सांगायचे म्हणजे, रुक्ष आहेत, आणि त्यांतील स्त्रीधर्माचे दंडक आज मान्य होण्याजोगे नाहीत. तरीही दत्तजयंतीच्या सुमारास या ग्रंथाची सात दिवसांची पारायणे घरोघर होतात, आणि पोथी वाचणाऱ्यांत शास्त्री-पंडितांहून प्रापंचिकांचाच भरणा अधिक असतो. अशा अखंड वाचनात, हस्तलिखितांच्या नकला होता होता, पाठभेद शिरणे अपरिहार्य असते. ज्ञानेश्वरीच्या पाठातही अशीच शिरलेली अशुद्धे काढण्याचे काम पैठणच्या एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, पूर्ण केले, तेव्हा मूळ ग्रंथास जवळजवळ तीनशे वर्षे होऊन गेली होती.