बदलीचा कागद

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



उभे राहून भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. भजनात टाळ धरावा, संक्रांतीला तिळगूळ वाटावा, एवढीच मला मंडळात सवय. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही डॉक्टरबाईंबरोबर कोर्टात गेला होतात, तेवढेच सांगा." खरे सांगावयाचे तर मी कोर्टात गेले ती लेकरू सांभाळायला. कोर्टाच्या दाराबाहेर बाकावर बसून जे कानी पडले, आणि मागाहून विचारून विचारून जे समजले, ते सांगते. चुकले तर पदरात घ्या.

आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात 2021 साली डॉक्टरबाई आल्या, ते आपणा सर्वांना आठवतच असेल. त्यापूर्वी बायकांसाठी बाई डॉक्टर नव्हती. पुरुष डॉक्टर वाईट होते असे मी म्हणणार नाही, पण आपल्यातल्या कितीतरी जणी दुखणे अंगावर काढीत आणि अगदी गळ्याशी आले म्हणजे जीप करून परभणी गाठीत. परभणीहून नांदेडला नाहीतर औरंगाबादच्या घाटीत पाठवीत. या बाई आल्या आणि सोमवारच्या बाजारी दवाखान्यापुढे लुगड्यांची रांग लागू लागली. क्वार्टरचे छत गळत होते. त्यांनी पलंगावर प्लास्टिक बांधून एक पावसाळा काढला. नवरा दुसऱ्या जिल्ह्यात नोकरीला, सोबत म्हातारी सासू आणि वर्षाचे लेकरू. मी शेजारीच राहते, म्हणून ते लेकरू माझ्या अंगावर खेळले. मला त्या काकू म्हणत.

2022 च्या श्रावणात, मंगळागौरीच्या दुसऱ्या दिवशी, बाई क्वार्टरच्या पायरीवर कागद हातात घेऊन बसलेल्या दिसल्या. बदलीचा हुकूम. पुरता दीड वर्षही झाला नव्हता. त्यांना दूर, जिल्ह्याबाहेर टाकले होते आणि त्यांच्या जागी एक पुरुष डॉक्टर येणार होते. त्या दिवसांत माझ्या सूनबाईला आठवा महिना होता. तिचा रक्तदाब वाढलेला, पायाला सूज, आणि दर चार दिवसांनी तिला बाईच तपासत होत्या. तेव्हा हा कागद मला परका वाटला नाही, हे आधीच कबूल करते. मी काही तत्त्वासाठी गेले नव्हते.

आपण बायकांनी लगेच मोर्चाचा बेत केला. बाईच नको म्हणाल्या. "मोर्चा निघाला की मीच तुम्हाला उठवले असे लिहून जाईल. मी अर्ज करते." अर्ज कुठे? तर औरंगाबादेस, प्रशासकीय न्यायाधिकरणात. हे नाव मी तोवर ऐकलेही नव्हते. सरकारी नोकरांच्या नोकरीबाबतच्या तक्रारी ऐकण्यासाठी महाराष्ट्रात 1991 साली हे वेगळे कोर्ट सुरू झाले. मुख्य कचेरी मुंबईस, शिवाय नागपूर आणि औरंगाबाद येथे त्याची खंडपीठे. आपला परभणी जिल्हा औरंगाबादच्या पीठाकडे. शहराचे नाव 2023 पासून छत्रपती संभाजीनगर झाले आहे, पण आम्ही गेलो तेव्हा जुनेच होते आणि माझ्या तोंडीही तेच बसले आहे.

पहाटेच्या मराठवाडा एक्स्प्रेसने निघालो. त्या गाडीत निम्मी माणसे कोर्टाचीच असतात. कोणाच्या मांडीवर सातबाराचे पुडके, कोणाच्या पिशवीत भाकरी आणि वकिलाला द्यायच्या शेंगा. सासूबाईंचे गुडघे दुखत म्हणून त्या घरी राहिल्या आणि मी लेकराला घेऊन बरोबर गेले. सेलू येईपर्यंत लेकरू झोपले, तेव्हा बाईंनी मला कायदा समजावून दिला. मी सातवी शिकलेली, पण सांगणारा नीट असला म्हणजे समजते.

कायदा बदल्यांचाच आहे, 2005 चा, आणि 1 जुलै 2006 पासून लागू आहे. त्यात असे आहे की, अशा अधिकाऱ्याला एका जागी साधारण तीन वर्षे ठेवावे. बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात, म्हणजे मुलांच्या शाळा मध्येच मोडत नाहीत. त्याआधी किंवा मध्येच कोणाला हलवायचे असेल तर हलवता येते, नाही असे नाही. पण त्याचे खास कारण कागदावर लिहावे लागते आणि वरच्या अधिकाऱ्याची आधी मंजुरी घ्यावी लागते. आपल्या भिशीत एखादीचा नंबर मध्येच पुढे घ्यायचा तर वहीत कारण लिहून अध्यक्षाबाईंची सही घेतो ना, तसेच. बाईंचे म्हणणे एवढेच होते की, "मला कधीच हलवू नका असे मी म्हणत नाही. कारण कुठे लिहिले आहे ते दाखवा."

कोर्ट म्हणजे सिनेमातल्यासारखे काही नसते. वकील हळू बोलतात, पंख्याचा आवाज जास्त येतो. सरकारच्या बाजूने जे उभे राहतात त्यांना सादरकर्ता अधिकारी म्हणतात. लेकरू रडेल या भीतीने मी बाहेरच बसले.

त्या बाकावर माझ्या शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली. नऊवारी लुगडे, हातात औषधांची पिशवी. तिने लेकराच्या गालाला हात लावला आणि विचारले, "कुठल्या म्हणायच्या अक्का तुम्ही?" मी गाव सांगितले. तर ती म्हणाली, "अगं माय, माझा लेक तुमच्याच गावाला येणार हाय डॉक्टर म्हणून. पण कोण एक बाई आडवी पडलीय." माझ्या घशाला कोरड पडली. मांडीवर त्याच बाईचे लेकरू. मी काहीच बोलले नाही, आणि न बोलण्याची मला अजून लाज वाटते.

तिचा मालक अर्धांगाने दोन वर्षे अंथरुणावर पडलेला. मुलगा सहा वर्षे दूरच्या डोंगरी भागात नोकरी करीत होता. घराजवळ जागा मिळावी म्हणून त्याने किती अर्ज केले, कोणाकोणाच्या पायऱ्या चढला, ते ती सांगत होती. त्याने काही पाप केले नव्हते. गावी आमच्या तोंडी तो "वशिल्याचा डॉक्टर" होता, आणि इथे तो एका आजारी बापाचा मुलगा निघाला. वशिला असेलही, मला माहीत नाही. पण भांडण बाई विरुद्ध तो डॉक्टर असे नव्हतेच. आपल्या भागात दोन डॉक्टर लागत असताना जागा एकच होती, आणि दोघे तिच्या दोन बाजूंना धरून उभे होते.

त्या दिवशी बाईंना स्थगिती मिळाली, म्हणजे निकाल लागेपर्यंत आहे तिथेच राहायचे. परतीच्या गाडीत त्यांना आनंद झाला होता आणि मी मात्र गप्प होते. काय झाले म्हणून त्यांनी विचारले, तेव्हा मी सगळे सांगितले. त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काकू, त्यांनाही जागा द्यायला हवीच होती. पण माझी काढून का?" पुढे चार महिन्यांनी निकाल झाला. मुदतीपूर्वी बदलीचे कारण लिहिलेले नाही, म्हणून हुकूम रद्द. मधल्या काळात माझ्या सुनेची बाळंतपणाची वेळ आली. रात्री दोन वाजता बाई चप्पल न घालता धावत आल्या. नातू आता दोन वर्षांचा आहे. तो मागे बसून पेढे खातो आहे, त्याच्याकडे बघू नका, नाहीतर मंचावर येईल.

तुम्हाला वाटेल, कोर्टात गेले की जिंकलेच. तसे नाही. बाईंच्या वकिलांनी मला एक बिहारची गोष्ट सांगितली. तिथे काही प्राथमिक शिक्षिकांनी नवऱ्याच्या गावी बदली मागितली, सरकारने दिली. ज्यांना त्यामुळे उठावे लागले ते कोर्टात गेले. तिथल्या हायकोर्टाने बदल्या रद्द केल्या, पण सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला आणि शिक्षिकांच्या बदल्या कायम ठेवल्या. बदली हा नोकरीचाच भाग आहे, एका जागेवर कोणाचा कायमचा हक्क नसतो, कायदा मोडला असेल किंवा आकसाने केले असेल तरच कोर्टाने हात घालावा, असे ते म्हणाले. मला तो निकाल आवडला, आणि थोडा नाहीही आवडला. ज्या उठल्या त्यांनाही घरदार असणारच.

मोठ्या लोकांचीही हीच भांडणे असतात. पुण्याचे ससून रुग्णालय आपण ऐकून आहोत, 1867 सालचे. त्याचे प्रमुख, ज्यांना अधिष्ठाता म्हणतात, डॉ. विनायक काळे होते. जानेवारी 2023 मध्ये त्यांना तेथून हलवून सोलापूरचे डॉ. संजीव ठाकूर यांना आणले. डॉ. काळे यांची तीन वर्षे भरली नव्हती. ते याच न्यायाधिकरणात गेले, मुंबईच्या पीठात, आणि त्यांच्या बाजूने निकाल झाला. मग डॉ. ठाकूर हायकोर्टात गेले. नोव्हेंबर 2023 मध्ये तिथेही त्यांची याचिका फेटाळली गेली आणि डॉ. काळे परत त्याच खुर्चीवर आले. मी वर्तमानपत्रात ते वाचले तेव्हा आमच्या बाईंना फोन केला, "तुमचाच कायदा पुण्यात चालला!" पण खुर्ची मिळाली म्हणजे निवांत झाले असेही नसते. पुढच्या मे महिन्यात कल्याणीनगरच्या मोटार अपघाताचे रक्ताच्या नमुन्याचे प्रकरण त्याच रुग्णालयात उघडकीस आले, दोन डॉक्टरांना अटक झाली. त्यांत डॉ. काळे नव्हते, तरी त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवण्यात आले.

आणि आपल्या परभणीचे तर विसरायलाच नको. जुलै 2021 मध्ये आंचल गोयल यांची आपल्या जिल्हाधिकारीपदी नेमणूक झाली. त्या लहान बाळ घेऊन परभणीत आल्या. आधीचे जिल्हाधिकारी 31 जुलैला निवृत्त होणार होते, आणि ऐन वेळी वरून हुकूम आला की कार्यभार दुसऱ्याकडे द्यावा. त्या परत गेल्या. लोक रस्त्यावर आले, वर्तमानपत्रांनी लावून धरले, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनाच ती जागा मिळाली. तिथे कोर्टाच्या निकालाची वाट पाहावी लागली नाही, लोकांच्या ओरडीनेच झाले. मला त्या वेळी एकाच गोष्टीचे नवल वाटले. आपल्या जिल्ह्याची बदली म्हणजे शिक्षा, असे लोक उघड म्हणतात. "परभणीला टाकले" असाच शब्द आहे. आणि इथे एक बाई बाळ घेऊन हौसेने आली, तर तिला दारातून परत पाठवले.

आता आपल्या बाईंचे शेवटचे सांगते. 2024 च्या बदल्यांच्या यादीत त्यांचे नाव आले. तीन वर्षे पुरी होऊन गेली होती. तुमच्यातल्याच दहाबारा जणी माझ्या ओट्यावर आल्या, "पुन्हा औरंगाबादला जा म्हणावे, वर्गणी आम्ही काढतो." मी म्हटले, ज्या कागदाने त्यांना इथे ठेवले त्याच कागदाने आता त्या जाणार. तीन वर्षे म्हणजे तीन वर्षे. दोघीतिघींना राग आला, एक तर मला म्हणाली, "तुझ्या सुनेचे झाले, म्हणून तू बोलतेस." मी त्यावर काय बोलणार? खरे होते ते.

त्यांची ओटी भरली, लेकराला सदरा घेतला. टेम्पो निघताना लेकरू माझ्या मानेचा हात सोडीना. जाताना बाईंनी मला एक पुठ्ठ्याची फाईल दिली, त्यात हुकूम, अर्ज आणि निकाल असे सगळे आहे. म्हणाल्या, "काकू, कधी कोणाला लागेल."

त्या म्हातारीच्या मुलाला आपली जागा मिळाली असती तर बरे झाले असते. बाई गेल्यावर मी त्याचीच वाट पाहत होते. पण त्याला दुसरीकडे पाठवले होते, आणि आपली खुर्ची रिकामीच राहिली. सोमवारची लुगड्यांची रांग मोडली, जीप पुन्हा परभणीला जाऊ लागल्या. गेल्या महिन्यात एका बाळंतिणीला रस्त्यातच, एका वस्तीपाशी थांबावे लागले. दोघे वाचले, ते तिथल्या सुईणीमुळे.

कोर्ट हुकूम रद्द करू शकते, पण जो नेमलेलाच नाही तो डॉक्टर काही ते बनवून देऊ शकत नाही, असे मला वकीलसाहेबांनी सांगितले. त्यासाठी अर्ज आपणच करायचा. तो मी चिटणीसबाईंच्या मदतीने लिहिला आहे. रोज किती बायका येत होत्या, आता किती येतात, किती जणींना परभणीला पाठवले, हे दवाखान्याच्या खिडकीशी चार सोमवार बसून मोजले आणि त्यात घातले. आरोप कोणावर केलेला नाही. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना, एक आरोग्य खात्याला जायची आहे. कागद तिळगुळाच्या डब्याजवळ टेबलावर ठेवला आहे, पेनही आहे. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईची डबी आणली आहे.